रूपांतर चालू आहे

घर भाड्याने देताना घरमालक साधारणपणे पाण्याची वेळ सांगतो, मीटर दाखवतो, गच्चीवर कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे ते बजावतो. आमच्या घरमालकांनी मला जिन्यातच थांबवून विचारलं, "फोन कोणता वापरता? त्याच्यात व्हिडिओ कशात निघतो?"

मी म्हणालो, "एमपी-फोरमध्ये."

त्यांचा चेहरा पडला. "ते डब्याचं नाव झालं," ते म्हणाले. "डब्यात काय हाय, ते विचारून राहिलो मी."

मी मूळचा मुरुडचा. नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली होती आणि राहायला जागा हवी होती. डब्यात काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. तसं मी सांगून टाकलं आणि बहुधा त्या कबुलीवरच मला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे तीन वर्षं मी त्या घरात राहिलो. भाडं कधी वाढलं नाही, पाणी कधी तुटलं नाही, पण डब्यातल्या भाजीची शिकवणी मात्र एक दिवस चुकली नाही.

ते उमरीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, तीही निवृत्त झालेली. त्यांना मी काकू म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, शेताकडे बघतात, नाहीतर पारावर बसून सरकार चालवतात. सर व्हिडिओ एडिटिंगला लागले. नऊ वर्षं ते हा छंद करत होते आणि नऊ वर्षांत त्यांची एक फिल्म पूर्ण झाली होती. गोदावरीच्या घाटाची, चार मिनिटांची. ती त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवली. तिच्यात पाणी होतं आणि एक कुत्रं होतं.

"अटकली का कुठं?" फिल्म संपल्यावर त्यांनी विचारलं.

"नाही."

"बस," ते म्हणाले. "तेवढंच पाह्यजे."

त्यांचं म्हणणं काय होतं ते मला हळूहळू कळत गेलं. एमपी-फोर, एमओव्ही, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं आहेत. आतला व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय हे खरं महत्त्वाचं. फोन जागा वाचवतो. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या कितीतरी चित्रांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच टिपून ठेवतो. बघायला हे चालतं. पण तीच फाईल कापायला, जोडायला घेतली की कंप्युटरला दर वेळी मागे जाऊन अख्खं चित्र पुन्हा जुळवावं लागतं, आणि सरांचा कंप्युटर तर इतका जुना की तिथेच अडखळायचा. म्हणून सर कोणत्याही क्लिपला हात लावण्याआधी तिचं जड फॉरमॅटमध्ये रूपांतर करून घ्यायचे. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण असतं. फाईल दहापट फुगते, तासन् तास लागतात, पण मग कापताना लोण्यासारखी चालते. त्या काळात मधेच वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठी त्यांनी घरातल्या प्रत्येक बटणाच्या पाटीवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला होता. वर सुंदर अक्षरात लिहिलेलं, "हात लावू नये. रूपांतर चालू आहे." स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या बटणावरही.

काकू वरवंट्याने चटणी वाटायच्या.

मी एकदा शहाणपणा केला. आमच्या कॉलेजातली पोरं हलकी नक्कल बनवून तिच्यावर कापाकापी करतात, शेवटी मूळ फाईल लावतात, असं ऐकलं होतं. ते सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"उमरीला बत्तीस वर्षं कॉप्या पकडल्या म्या," ते म्हणाले. "बाकाखालून, पायमोज्यातून, कुठून कुठून. अन् आता म्हातारपणी कॉपीवर काम करू?"

त्यांना हे तंत्र माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं. फक्त पटत नव्हतं. "चालतंय म्हंजे बरोबर हाय असं न्हाई," हे त्यांचं वाक्य दिवसातून चारदा कानावर यायचं. दूधवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, मला. मला त्या वाक्याचा त्या वेळी कौतुकमिश्रित कंटाळा यायचा. आता नुसता राग येतो.

गल्लीतल्या एका गृहस्थांनी एकदा पुतणीच्या हळदीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर आणून दिला. नावं टाकायची होती, मागे गाणं लावायचं होतं, बस. सरांनी त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि पेन ड्राइव्ह कंप्युटरला लावला. नवरीकडे त्यांनी बघितलंही नाही. फाईलवर उजवी टिचकी मारून तिची कुंडली उघडली.

"ही उष्टी हाय," ते म्हणाले.

गृहस्थ दचकले. "काय हाय?"

"उष्टी. कुण्या ग्रुपवर आली ही, तिथून दुसऱ्यानं तिसऱ्याला धाडली, तिसऱ्यानं तुम्हाला. दर वेळी दाबली गेली. पाच तोंडाचं उष्टं हाय हे. ज्यानं काढला त्याच्या फोनमधून थेट वायरीनं आणा."

"सर, काढणारी पोरगी पुण्याला गेली."

"मग पुण्याहून आणा."

"अहो, नावंच टाकायची हाईत की."

"उष्ट्यावर नाव टाकून काय करता?"

ते गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. पुढे चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्याने त्यांना तासाभरात नावं टाकून दिली, वर गुलाबाच्या पाकळ्याही उडवून दिल्या. काकूंनी ते माझ्याकडून ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "मला बघायला आले व्हते तवा बी असंच," त्या म्हणाल्या. "पोहे दिले, तर म्हणे मोहरी कोणत्या दुकानातली. माझ्याकडं बघितलंच न्हाई."

उन्हाळ्यात या घरात एकच कूलर होता आणि तो कंप्युटरकडे तोंड करून असायचा. नांदेडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. सर बनियनवर, घामाने निथळत, आणि कंप्युटर गारेगार. जास्त तापला की तो आपोआप बंद पडायचा, मग रूपांतर बुडायचं. काकू म्हणायच्या, "त्याला ऊन लागू देऊ नका. आमचं काय, आमी उमरीची माणसं."

हे सगळं मी हसत सांगतोय. मित्रांमध्ये मी सरांचे किस्से इतक्यांदा सांगितले आहेत की माझ्या तोंडात त्यांची वाक्यं त्यांच्या ठसक्यासकट बसली आहेत. पण किस्से मी नेहमी कूलरपर्यंतच सांगतो. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी काकूंच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. सकाळी रिक्षाने जायचं, चार तास सुई लावून पडायचं, दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचं. त्यांना कुठेही लांब जाता येईना. आणि त्यांना जायचं होतं एकाच ठिकाणी, माहेरी. माहेर किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पलीकडे, सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. आई-वडील गेलेले. धाकटी बहीण तिथेच दिलेली होती.

त्या बहिणीशी काकूंचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकलं तर हसू येईल. बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, सख्खी मावशी म्हणून काकूंना चार दिवस आधी जायचं होतं, आणि नेमकी निवडणुकीची ड्युटी लागली. रद्द होईना. काकू गेल्या नाहीत. एक चांगली साडी कुणाच्या तरी हाती पाठवून दिली. बहिणीने निरोप धाडला, साडी वाटून टाकली, पुन्हा काही धाडू नकोस. काकूंनी दोनदा फोन केला, बहिणीने उचलला नाही. मग काकूही मानी. झालं.

सरांनी एक दिवस जाहीर केलं की ते काकूंसाठी माहेराची फिल्म करणार. गाव, शाळा, नदी, धबधबा, सगळं. "तिला जाता येत न्हाई तर गाव तिच्यापर्यंत आणतो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं कोवळं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. पावसाळा ओसरत आला होता, पाणी भरपूर होतं. माझा फोन नवा आणि चांगला, म्हणून शूटिंग मी करायचं ठरलं. किनवटच्या एसटीने आम्ही दोघं गेलो.

धबधबा काढला. शाळा काढली, तिच्या दारातली घंटा काढली. सर प्रत्येक वेळी मला "हलू नको, श्वास धर" म्हणत होते. शेवटी बहिणीच्या घरी गेलो.

त्या दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. सरांनी काकूंच्या दुखण्याचं सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्या खाली जोत्यावर बसल्या, मग उठून पाणी आणलं, मग चहा ठेवला. सर म्हणाले, दोन शब्द बोला तिच्यासाठी. त्या नाही म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "कुठं बघून बोलायचं?"

आणि सरांनी तिथेही आपला कारभार सुरू केला. चेहऱ्यावर सावली पडते म्हणून त्यांना चार वेळा जागा बदलायला लावली. शेळी ओरडते म्हणून शेळी मागे नेऊन बांधायला लावली. अंगणातली वाळत घातलेली पांढरी चादर ओढून उजेड परतवायला स्वतः दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बाई वैतागल्या. त्या वैतागातच त्यांचा बांध फुटला.

"अक्का," त्या माझ्या फोनकडे बघत म्हणाल्या, "हा माणूस तुला अजून असाच छळतो का गं? ऐक. तू लग्नाला आली न्हाईस म्हणून म्या लई बोलले लोकांत. लई बोलले. तू धाडलेली साडी वाटून टाकली म्हणून कळवलं व्हतं तुला, ते खोटं व्हतं. पोरीनं वरातीला तीच नेसली. लई साजरी दिसत व्हती. अजून हाय तिच्या पेटीत. तू आजारी हायस हे मला कुणी सांगितलं न्हाई बाई. हे बघितलं की फोन कर. म्या आपणहून न्हाई करायची, माझं तोंड न्हाई. तू मोठी हायस, तूच कर. म्या वाट बघते."

बोलणं तेवढंच, दीड मिनिटाचं. माझे डोळे भरून आले. सर चादरीच्या मागे होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

परत येताना एसटीत सरांनी माझ्याकडून वचन घेतलं. "तिला एक शब्द सांगायचा न्हाई. पडद्यावर बघू दे. गाव येईल, शाळा येईल, पाणी येईल, अन् मग बहीण. अकरा वर्षांनी बोलणार हाय ती. नीट झालं पाह्यजे."

मी हो म्हणालो. मला ते त्या वेळी फार सुंदर वाटलं होतं.

पहिलं रूपांतर आठवडाभर चाललं. ते सरांच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने उघडलंच नाही. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये केलं तर सगळं गाव हिरवट दिसायला लागलं. मग डिस्क भरली. मग नवी आणली, तिच्यात जागा करून पुन्हा पहिल्यापासून. दिवाळी झाली. संक्रांत झाली. तिसऱ्या फॉरमॅटमध्ये रंग जमले, चाल जमली, आणि सरांना दिसलं की बहिणीचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीला ठीक असतं, मग आवाज हळूहळू पुढे सरकत जातो. साडीपाशी पोचेपर्यंत त्या वाक्याचा आवाज संपलेला असतो आणि ओठ हलत असतात.

त्याचं कारणही त्यांनी शोधून काढलं. फोन सेकंदाला सारखीच चित्रं काढत नाही. उजेड कमी झाला की कमी काढतो, वाढला की जास्त. सरांचं सॉफ्टवेअर मात्र सगळीकडे सारखं मोजतं. सरांच्या चादरीने उजेड सतत कमीजास्त होत होता. तेवढी एक बारीक तफावत त्या दीड मिनिटात शिरून बसली होती.

"सर, थोडंसंच सरकतंय," मी म्हणालो. "काकूंना चालेल."

"चालंल?" ते माझ्यावर ओरडले. "अकरा वर्षांनी बहीण बोलून राहिली अन् आवाज एकीकडं, तोंड एकीकडं? तिला वाटंल, कुणी तरी मागून बोलवून घेतलं. खोटं वाटंल तिला. तसं दाखवू?"

त्यात तथ्य होतं असं मला वाटलं. त्यांच्या हट्टाच्या मुळाशी प्रेम होतं हे मला दिसत होतं, आणि प्रेम दिसलं की आपण बाकीचं विचारायचं सोडून देतो.

काकू मात्र विचारत होत्या. आधी सरांना. "कधी दाखवता हो?" सर म्हणायचे, झालंच. मग त्या मला विचारायला लागल्या. मी डबा द्यायला, औषध आणून द्यायला खाली जायचो, तेव्हा सर आतल्या खोलीत कंप्युटरपुढे असायचे.

"ती बोलली का?" त्या हळूच विचारायच्या.

"बोलल्या की, काकू."

"काय बोलली?"

"चांगलंच बोलल्या. सर दाखवणारच आहेत."

"तुमी चांगलंच सांगणार. दुखणाईताला वाईट कोण सांगतं?" त्या म्हणायच्या. "तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय न्हाई मी धरायची."

"मग तुम्हीच फोन लावा ना."

त्या वर आढ्याकडे बघत राहायच्या. "दोनदा लावला व्हता रे. आता या अवस्थेत लावला अन् तिनं न्हाई उचलला तर?"

हे किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. मोजायची भीती वाटते. फिल्म त्यांना नकोच होती. धबधबा नको होता, शाळा नको होती. त्यांना बहिणीची दीड मिनिटं हवी होती, आणि ती मूळ क्लिप जशीच्या तशी माझ्या फोनमध्ये होती. मी ती वर माझ्या खोलीत अनेकदा बघितली होती. तरी दाखवली नाही. सरांना शब्द दिला होता. त्यांच्याआधी आपण दाखवणं बरं दिसणार नाही, त्यांनी एवढी मेहनत घेतलीय, त्यांचा आनंद आपण का हिरावायचा, असं सगळं मी स्वतःला समजावत होतो. मोठ्यांच्या पुढे पुढे करू नये, एवढंच मला घरून शिकवलं होतं आणि ते मी नको तिथे पाळलं.

एप्रिलमध्ये ऊन चढलं आणि काकूंना घरात सोसेना. सरांनी कूलर उचलून त्यांच्या खाटेशी नेला. कुणी सांगितलं नव्हतं. कंप्युटर तापून बंद पडायला लागला. सर ओल्या पंच्याने त्याचा डबा पुसायचे, पुन्हा चालू करायचे. दुपारी दोन वाजता तो बंद पडला की खुर्चीत तसेच बसून राहायचे. एका बाजूला कूलरचा आवाज, पलीकडे काकूंचा श्वास, आणि मधे हा माणूस. मला वाटलं होतं की आता तरी ते म्हणतील, चल, आहे तसं दाखवू. ते म्हणाले, "दोन दिवस ढग आले तर होऊन जाईल."

ढग आले नाहीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, डायलिसिसच्या खाटेवरच, सकाळी साडेनऊला काकू गेल्या.

आता मी लातूरला असतो. आमच्या कॉलेजची पोरं बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर व्हिडिओ कापतात, गाणं लावतात आणि पुढच्या थांब्याच्या आत पाठवूनही देतात. आवाज सरकलेला असतो, चित्र फाटलेलं असतं, समोरचा बघतो आणि हसतो. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघतो.

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बहीण आल्या. आल्यावर त्यांनी नुसतं रडून घेतलं. राख सावडून झाल्यावर, तिसऱ्या दिवशी दुपारी, बाकीचे नातेवाईक पांगले. बाहेरच्या खोलीत त्या, सर आणि मी. सर खुर्चीत, हात मांडीवर ठेवून.

"एक विचारू का भावजी?" बाई म्हणाल्या. "तिनं ते बघितलं का?"

सरांनी तोंड उघडायच्या आतच मी म्हणालो, "हो मावशी. दाखवलं होतं. फार बरं वाटलं त्यांना. फोन करणारच होत्या, तेवढ्यात तब्येत बिघडली."

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. एवढं खोटं तरी आपल्या हातून बरं झालं, असं मला वाटलं.

"न्हाई," सर म्हणाले. "खोटं बोलून राहिला तो. तिनं न्हाई बघितलं. मी दाखवलं न्हाई."

"का?"

"तयार न्हवतं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आठ महिने," त्या म्हणाल्या. "शेतात गेले तरी फोन कमरेला. आंघोळीला गेले तर पोरीच्या हातात. मला वाटलं, बघून बी तिचा राग गेला न्हाई. मग म्या बी म्हणलं, न्हाई तर न्हाई. तिच्या दुखण्यात म्या एकदा बी आले न्हाई, ते याच्यापायी."

सरांनी मान खाली घातली.

"ती काय समजून गेली?" बाईंनी मला विचारलं. मला उत्तर माहीत होतं. काकू हे समजून गेल्या की बहीण काहीतरी कडू बोललीय आणि आम्ही दोघं ते लपवतोय. मी ते सांगितलं नाही.

"दाखवा," बाई म्हणाल्या. "म्या काय बोलले ते तरी बघू द्या मला."

सर कंप्युटर लावायला उठले. मी त्यांच्याआधी फोन काढला आणि क्लिप लावून बाईंच्या हातात दिला. त्या बघत होत्या. सर त्यांच्या मागे येऊन उभे राहिले, चष्मा पुसला, वाकले. आठ महिन्यांत त्यांनी ती मूळ क्लिप फोनवर एकदाही बघितली नव्हती. फोनवर बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पहिल्याच दिवशी वायरीने कंप्युटरवर घेतली होती आणि तिथून पुढे सगळी रूपांतरंच बघत आले होते.

दीड मिनिट झालं. बाईंनी फोन माझ्याकडे दिला आणि उठून आत गेल्या. आतून हुंदक्यांचा आवाज येत राहिला.

"परत लाव," सर म्हणाले.

मी परत लावली. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, फक्त ओठांकडे बघत होते. अक्का. लग्न. साडी. वरात. वाट बघते. प्रत्येक शब्द तोंडातून निघाला तसा ऐकू आला.

"सरकत न्हाई," ते म्हणाले.

"नाही सर. फोनवर नाही सरकत."

"पहिल्यापासून?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात उत्तर येणाऱ्या पोराने पाटी कोरी ठेवली तर शिक्षक बघतो तसं बघितलं.

"तिनं तुला विचारलं असंल की. ती बोलली का म्हणून."

"विचारलं."

"तवा हा फोन कुठं व्हता?"

"खिशात," मी म्हणालो.